अठराला सतरा दिवस कमी

विजयानंद नाट्यगृहाच्या दाराशी ही गर्दी, आणि त्या गर्दीत तुम्ही. तारीख २१ डिसेंबर १९०९. नाशिकची थंडी तुम्हाला नवी नाही, पण अंगातला काळा कोट आज उगाच विचित्र वाटतोय. भोवती सगळी उपरणी आणि पगड्या. आत किर्लोस्कर नाटक मंडळी 'शारदा' करणार आहेत. कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झालीय, त्यांच्या निरोपाचा हा खेळ. साहेब संस्कृतचे जाणकार, त्यामुळे गावातली काही मंडळी त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणतात. याच साहेबांनी बाबाराव सावरकरांना खटल्यात उभं केलं आणि बाबारावांना काळ्या पाण्याची जन्मठेप झाली, त्यालाही सहाच महिने झालेत.

'शारदा' तुम्हाला माहीत आहे. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी पोर. देवलांचं हे नाटक रंगभूमीवर आलं १८९९ साली. त्याच वर्षी जुलैत, सातासमुद्रापार शिकागोत, अमेरिकेतलं मुलांसाठीचं पहिलं वेगळं न्यायालय सुरू झालं. दहा वर्षं उलटलीत. आज रंगमंचावर मुलीच्या वयाचा प्रश्न आहे आणि प्रेक्षागृहात, दारापासून फार लांब नाही अशा जागी, एका मुलाच्या वयाचा. दुसरा प्रश्न आज इथे कुणालाच पडलेला नाही.

तुम्ही वकील आहात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव आहे, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी सरकारी खर्चाने उभं राहणारे तुम्ही. या काळप्रवासाची अट साधी आहे: काही बदलता येणार नाही, फक्त जिथे उतराल तिथे एक प्रश्न विचारायचा.

साहेब आत येतात. लोक उठून उभे राहतात. गोळ्यांचे आवाज येतात आणि पहिल्या क्षणी निम्म्या लोकांना वाटतं, नाटकातलंच काहीतरी पडलं. मग किंकाळ्या. पोराला जागच्या जागी धरलंय. मिसरूड फुटलेलं, अंगाने किरकोळ. औरंगाबादेत चित्रकला शिकणारं. तुम्ही गर्दी कापत पुढे जाता आणि विचारता, "वय किती रे तुझं?" उत्तर यायच्या आत पोलीस त्याला ओढत नेतात.

उत्तर पुस्तकांत आहे. अनंत लक्ष्मण कान्हेरे, प्रचलित नोंदीप्रमाणे जन्म ७ जानेवारी १८९२. तुम्ही बोटांवर हिशेब करता. अठरा पूर्ण व्हायला सतरा दिवस कमी.

तुमच्या काळात हे सतरा दिवस म्हणजे आकाशपाताळाचा फरक. १९०९ मध्ये त्यांना शून्य किंमत. सात वर्षांखालच्या मुलाकडून गुन्हा घडतच नाही, आणि बारापर्यंत त्याची समज पाहायची, एवढं दंडसंहितेत १८६० पासून आहे. १८९७ चा सुधारगृहांचा कायदा आहे, तो मुलग्यांना पंधराच्या आत असेल तरच हात देतो. साहेबाच्या स्वतःच्या देशात आदल्याच वर्षी, १९०८ मध्ये, मुलांचा कायदा झाला, त्याने सोळाखालच्यांची फाशी बंद केली. म्हणजे हा पोरगा लंडनमध्ये जरी असता तरी दोर चुकला नसता. नाशकात काय किंवा लंडनात काय, त्याला मूल म्हणणारं दप्तर उघडलेलं नव्हतं.

मुंबई उच्च न्यायालयात खटला चालतो. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना फाशी होते. विजयानंदच्या दारापासून ठाण्याच्या तख्तापर्यंत ११९ दिवस. आज बाल न्याय मंडळाला एका मुलाची चौकशी पुरी करायला कायद्याने चार महिने दिलेत, जवळपास तेवढेच. या ११९ दिवसांत तुम्ही त्याचे वकील असतात तर काय केलं असतं, हा प्रश्न मनात येतोच, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. त्याने केलेलं लपवलं नव्हतं. सुटायची धडपडही नव्हती. आपण त्याला हुतात्मा म्हणतो. गोल्फ क्लबच्या मैदानाला त्याचं नाव आहे, तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी अर्धं नाशिक चालायला येतं. हुतात्म्याला कुणी 'अल्पवयीन' म्हटलं तर आपल्याला ते खटकतं, जणू त्याने त्याची उंची कमी होते. पण वकिलाला दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात: पोराला आपण काय करतोय ते कळत होतं, आणि पोरगा सतरा वर्षांचा होता. ही गाठ पुढे उंटवाडीत, बाल न्याय मंडळापुढे, पुन्हा लागणार आहे.

मधली काही स्टेशनं आपण न उतरता घेऊ. १९२४, मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा. मद्रास आणि बंगालच्या मागोमाग. १९६७, अमेरिकेतलं सर्वोच्च न्यायालय: अ‍ॅरिझोनातल्या पंधरा वर्षांच्या जेरल्ड गॉल्टने शेजारणीला फोनवर अचकटविचकट बोलल्याचा आरोप, ना वकील, ना धड सुनावणी, आणि रवानगी एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत. न्यायालय म्हणालं, मुलालाही वकिलाचा हक्क आहे. शिकागोपासून अडुसष्ट वर्षं लागली हे सांगायला! तोवर सगळ्यांचा समज असा की मुलांच्या न्यायालयात सगळे मुलाचं भलंच बघतात, मग वकील हवाय कशाला. हा समज आपल्याकडेही मुरलेला आहे आणि फार नुकसान करतो. १९८६, आपला पहिला देशभराचा बाल न्याय कायदा. मुलगा सोळापर्यंत मूल, मुलगी अठरापर्यंत. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, अमलात आला १९९५ मध्ये. त्यात मूल असेल तर उत्पन्न न विचारता फुकट वकील. आणि १ एप्रिल २००१ पासून नवा बाल न्याय कायदा लागू: आता मुलग्यांसाठीही अठरा.

ही शेवटची तारीख लक्षात ठेवा. पुढच्या स्टेशनावर लागेल.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळचं जिल्हा न्यायालय, १२ जून २००६. पावसाची वाट बघत सगळं शहर घामाने निथळतंय. तुम्ही सत्र न्यायालयाच्या मागच्या बाकावर टेकता. पुढे सहा जण उभे आहेत, भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. तीन वर्षांपूर्वी, ५ जून २००३ च्या रात्री, नाशिकजवळच्या एका झोपडीवर हल्ला झाला. पाच जणांचा खून, बायकांवर बलात्कार. वाचलेल्या बाईचा आणि तिच्या मुलाचा आक्रोश अजून या भिंतींत आहे. अशा खटल्यात आरोपीच्या बाजूने बोलणं किती जड जातं ते बाहेरच्याला कळणार नाही. बार रूममध्ये चहा पितानासुद्धा लोक नजर चुकवतात.

निकाल वाचला जातो. सहाही जणांना फाशी.

यातल्या एकाचं नाव या खटल्याच्या निकालाला कायमचं चिकटलंय, कायद्याच्या पुस्तकात ते सापडेल. मी ते इथे लिहिणार नाही. मुलाची ओळख छापू नये असं कायदा म्हणतो, आणि तो गुन्ह्याच्या तारखेला मूल होता. पण आज, या दालनात, हे कुठल्याही कागदावर नाही. तुम्ही उठता, तुमचा एकुलता प्रश्न विचारता. "याचं वय किती?" कुणाला ऐकू येत नाही. न्यायाधीश उठलेत, शिपाई दार लावतोय.

अठरापर्यंतच्या मुलग्यांना सामावणारा कायदा त्या रात्रीच्या सव्वादोन वर्षं आधीच लागू झालेला होता. त्या कायद्याने या एकाची जागा या दालनात नव्हतीच. बाल न्याय मंडळापुढे होती, आणि दोष सिद्ध झाला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. पुढे काय झालं ते पाहा. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या तिघांनाही पुन्हा फाशीवर नेलं. म्हणजे तीन पायऱ्या, तीन न्यायालयं, आणि प्रत्येक पायरीवर हा अठराच्या आतला पोरगा मोठ्या माणसांच्या रांगेत. तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे ठरलं २०१२ मध्ये. तोवर नऊ वर्षं तुरुंगात गेली होती. कायद्याने फार तर तीन.

आणि तेही त्याने गुन्हा केला होता असं धरून. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच जुना निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधले चार जण ओळखले होते. ते चौघे हे सहा नव्हते. तिचा तो जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेला, आणि सरकार पक्षाने तो न्यायालयापुढे आणलाच नाही. न्यायालयाने त्या चौघांचा तपास करायला सांगितलं, सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले, आणि तळागाळातल्या भटक्या माणसांना गंभीर गुन्ह्यात खोटं गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही नोंदवलं.

ज्या बाईचं घर उद्ध्वस्त झालं तिच्या पदरात काय पडलं? सोळा वर्षांनी कळलं की धरलेली माणसं चुकीची होती. बचावाचा वकील कच्चा असला की आरोपीचंच नुकसान होतं असं मानणाऱ्यांनी या बाईकडे बघावं.

२२ ऑगस्ट २००६ रोजी, म्हणजे त्या फाशीच्या निकालानंतर दहा आठवड्यांनी, कायद्यात दुरुस्ती झाली: मी त्या वेळी मूल होतो, हे म्हणणं कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येईल. चांगलीच दुरुस्ती. तशाच तरतुदीच्या जोरावर पुण्यातल्या १९९४ च्या खून खटल्यातला फाशीचा कैदी २७ मार्च २०२३ रोजी सुटला. बिकानेरकडच्या शाळेच्या नोंदीत त्याचं नाव वेगळं होतं, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षं आत. पण 'कुठल्याही टप्प्यावर' या सोयीची वकिलाला सवय लागू नये. हा हक्क शेवटी वापरावा लागला, तर त्याचा अर्थ पहिल्या दिवशी कुणीतरी आपलं काम केलं नाही.

आता परत. तुमचाच काळ, तेच सीबीएसचं आवार, १३ जूनची सकाळ. रिमांडचं कोर्ट भरलंय. आदल्या रात्री सातपूरला कामावरून परतणाऱ्या एका कामगाराला चौघांनी अडवलं, कोयता दाखवला, मोबाईल आणि पगाराचे पैसे नेले. चौघेही पहाटेपर्यंत सापडले. पोलिसांनी अटकेच्या पंचनाम्यात चौथ्याचं वय लिहिलंय अठरा. आधारकार्डावर जन्म १ जूनचा, त्या हिशेबाने अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झालेत. वकील नाही म्हणून न्यायाधीश तुमच्याकडे बघतात. पॅनेलचं काम असं येतं: फाईल नाही, तयारी नाही, पाच मिनिटं.

तुम्ही पोराकडे बघता. चप्पल एकाच पायात आहे. दाराशी एक बाई उभी आहे, सुरगाण्याहून रात्रीच निघून आलेली, नऊवारीचा पदर दातात धरून. तुम्ही तिला बाजूला घेता.

"मावशी, पोरगं कधीचं? तारीख आठवते का?"

"तारीख कुठली साहेब. लावणीत झाला."

"भाताच्या लावणीत?"

"हां ना. गुडघाभर चिखलात होते मी. तिथून उचलून सरकारी दवाखान्यात नेलं दिराने."

लावणी म्हणजे जुलै. १ जूनला लावणी होत नाही, सुरगाण्यात तर नाहीच.

महाराष्ट्रात १ जूनला जितके लोक जन्मलेत तितके जगात कुठे जन्मले नसतील. तुमच्या वडिलांचा वाढदिवस १ जून, सासऱ्यांचा १ जून, निम्म्या मंत्रालयाचा १ जून. गुरुजींनी पोर शाळेत घ्यायचं, जून महिना, सहा वर्षं पुरी दिसली पाहिजेत, लिहिली तारीख. यावर आपण लग्नकार्यात विनोद करतो. पण गुरुजींची लेखणी जवळजवळ नेहमी पोराला थोडं मोठं करते, धाकटं नाही. आणि ती तारीख पुढे आधारवर जाते, रेशनकार्डावर जाते, आणि अठरा वर्षांनी सीबीएसच्या कोर्टात येऊन पोराला मोठ्यांच्या कोठडीत ढकलते.

तुम्ही उभे राहता. "मेहेरबान, आरोपी क्रमांक चार गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखालचा होता, कलम ९ खाली चौकशी व्हावी." सरकारी वकील आधार पुढे करतात. तुम्ही ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगता: आधार हा वयाचा पुरावा नाही. मग ते शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे वळतात. हा मात्र वजनदार कागद. कायद्याने वय ठरवताना पहिला मान शाळेच्या किंवा मॅट्रिकच्या जन्मतारखेच्या प्रमाणपत्राला, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या जन्मदाखल्याला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. पोराने आठवीत आश्रमशाळा सोडली, मॅट्रिक नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा म्हणजे कायद्याला हवं असलेलं प्रमाणपत्र नव्हे. म्हणजे दवाखान्यातल्या बाळंतपणाची ग्रामपंचायतीत नोंद झाली असेल, तर तीच पुढे येते. सरकारी वकील हसतात, "मग सिव्हिलला एक्स-रे काढू." काढा, पण हाडं दोन वर्षं इकडे किंवा दोन वर्षं तिकडे बोलतात, हे न्यायालयांनीच मान्य केलंय. अकरा दिवसांचा वाद त्या मनगटाच्या फोटोने कसा मिटणार?

न्यायाधीश चौकशी लावतात आणि तोवर पोराला मोठ्यांपासून वेगळं, सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगतात. पाच मिनिटांत एवढं झालं. न्यायालयाबाहेर येऊन तुम्ही ग्रामसेवकांना फोन लावता. ते मीटिंगला आहेत. त्यांच्याकडे तीन गावं आहेत.

चार दिवसांनी स्वतः गाडी काढून तुम्ही सुरगाण्याला जाता, कारण टपालाने मागवलेला कागद तारखेच्या दिवशी पोचत नाही, हे तुम्ही शिकलाय. जन्म-मृत्यूची नोंदवही जाड, कडा वाळवीने खाल्लेल्या. ग्रामसेवक बोट फिरवत पान उलटतात. बाळाचं नाव कोरं, अशा नोंदी भरपूर. बारशाआधीच नोंद होते आणि नाव टाकायला परत कुणी येत नाही. तिथे आईचं नाव आहे, बापाचं आहे, लिंग 'पु', तारीख १९ जुलै. पोराच्या नावाच्या जागी रिकामी ओळ. आईचं नाव, गाव, दवाखाना आणि धाकट्या भावंडांच्या तारखा जुळवून तुम्ही प्रतिज्ञापत्र करता. ही तुमच्या खटल्यातली सर्वात महत्त्वाची उलटतपासणी, आणि ती नोंदवहीची होती.

दावा मान्य होतो. फाईल बाल न्याय मंडळाकडे, उंटवाडीला.

उंटवाडीच्या निरीक्षणगृहाला जुने नाशिककर अजून रिमांड होमच म्हणतात. आत मंडळ बसतं: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांत एक तरी बाई. उंच चौथरा नसावा, साक्षीदाराचा पिंजरा नसावा, पोलीस साध्या कपड्यात असावेत, असं नियम सांगतो. पोरगा खुर्चीवर अवघडून बसलाय. कायद्याच्या भाषेत तो आता आरोपी नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक आहे. एवढं लांब नाव ऐकून त्याला काय वाटत असेल कोण जाणे.

इथे बरेच वकील सैल पडतात. पोरगा मंडळाकडे आला म्हणजे जिंकलो, आता समज देऊन सोडतील. तसं नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देश चिडला आणि २०१५ चा कायदा आला, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. सोळा ते अठरा वयाचा मुलगा आणि गुन्हा 'निर्घृण', म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा, असेल तर मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करतं: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत केला. त्यावरून खटला मोठ्या माणसासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवता येतो. फाशी मात्र नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही.

पोलिसांनी लावलेलं कलम पाहा. प्राणघातक हत्यार वापरून जबरी चोरी, भारतीय न्याय संहितेचं ३११, किमान सात वर्षं. एका कोयत्यामुळे पोरगा 'निर्घृण'मध्ये गेला. साधी जबरी चोरी असती तर किमान शिक्षाच नाही, आणि मग मूल्यमापनाचा प्रश्न उरत नाही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. गल्लीत ज्याला 'हाफ मर्डर' म्हणतात त्या खुनाच्या प्रयत्नालासुद्धा साधारणपणे किमान सात नाहीत. तेव्हा तुमचा पहिला वाद मानसशास्त्राचा नाही, कलमाचा आहे: हे कलम ज्याने हत्यार प्रत्यक्ष वापरलं त्याच्यापुरतं असतं. कोयता कुणाच्या हातात होता?

दुसरा वाद 'कळत होतं का' यावर. इथे विजयानंदचा तो पोरगा आठवल्याशिवाय राहत नाही. त्याला परिणाम पुरते कळत होते. या फूटपट्टीने मोजलं तर ज्याला सगळ्यात स्पष्ट कळतं तो सगळ्यात मोठा माणूस ठरेल, आणि मग वयाला अर्थच राहणार नाही. फूटपट्टीतच खोट आहे असं मला वाटतं. कोयत्याने माणूस मरतो हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. चार जणांत एकट्याने 'मी येत नाही' म्हणणं सतराव्या वर्षीही जमत नाही. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मूल्यमापनाचं काम नाजूक आहे, त्याला मानसशास्त्राची जाण लागते, घाईने उरकायचं नाही, असं बजावलं. त्याआधी अनेक ठिकाणी काय चालायचं? 'चूक केली हे कळतं का?' 'हो.' झालं मूल्यमापन.

आणि मे २०२४ चं पुणं. कल्याणीनगरात महागड्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, त्याच दिवशी जामीन, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. महाराष्ट्र संतापला. रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप झाले. ते खरे असतील तर तो गुन्हाच, त्यावर वेगळी शिक्षा हवी. पण पहिल्या काही तासांत हजर असलेला वकील, मंडळापुढे लगेच ठेवलेलं पोर, मुलाला जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद हे कुणीतरी ठामपणे सांगणं, यात चुकीचं काय होतं? ते सुरगाण्याच्या पोरालाही मिळायला हवं, एवढंच. ते मिळत नाही, कारण तुमच्यासारख्याला पाच मिनिटं आधी फाईल मिळते आणि भत्ता इतका की सुरगाण्याच्या पेट्रोलचा खर्चही वकिलालाच सोसावा लागतो.

मंडळ दुपारी परत बसणार आहे. परिविक्षा अधिकारी अहवालासाठी घराची माहिती घेऊन गेल्यात. तुम्ही विनंती करता, आम्हाला दोघांनाच खोली द्या. पोलीस नको, आई नको, कर्मचारीही नको. आईसमोर पोरं खोटं बोलतात, पोलिसांसमोर बोलतच नाहीत. अधीक्षक स्वयंपाकघराशेजारची खोली उघडून देतात. डाळीला फोडणी पडल्याचा वास आहे.

पोलिसांकडचा जबाब तुम्ही वाचलाय. शुद्ध मराठीत आहे, 'सदर इसमास धाक दाखवून' असा. पोरगा घरी कोकणा बोलतो. हा जबाब त्याचा असू शकत नाही. त्याच्या बोलीतले तुम्हाला येणारे चार शब्द वापरून तुम्ही जेवला का विचारता. तो मान हलवतो.

"हे बघ, मी पोलीस नाही. इथे बोललेलं मी तुझ्या आईलाही सांगणार नाही. कळलं?"

"हां."

"गाडी कुणाची होती?"

"भाऊची." सख्खा भाऊ नव्हे, ज्याच्या खोलीवर तो राहतो, जो त्याला सातपूरला कामाला घेऊन आला, तो भाऊ. बाकीच्या तिघांतला सगळ्यात मोठा, एकोणतीस वर्षांचा. तुम्ही वहीच्या कडेला कलम ८३ लिहिता: मुलाचा गुन्ह्यासाठी वापर करणाऱ्या मोठ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. पोलिसांनी ते लावलेलं नाही.

"तू कुठे होतास?"

"गाडीवर. चालू ठेव म्हणला."

"उतरलास का?"

बराच वेळ तो बोलत नाही. तुम्ही घाई करत नाही. मंडळ बसायला अजून पाऊण तास आहे आणि दोन पानांचा अर्ज लिहायला वीस मिनिटं पुरतात. मग तो कोकणा बोलीत काहीतरी भराभर सांगतो, त्यातलं अर्धंच तुम्हाला कळतं. तुम्ही त्याला थांबवता, बाहेर जाऊन अधीक्षकांना विचारता, इथे कोकणा बोलणारं कुणी आहे का. स्वयंपाकाच्या बाई कळवणच्या आहेत, त्यांना समजतं, पण त्या इथल्या कर्मचारी. त्यांच्यासमोर हे नको. तुम्ही अर्जाचं पहिलं वाक्य लिहिता: बालकाची भाषा जाणणारा दुभाषी मिळेपर्यंत मूल्यमापनाची कार्यवाही सुरू करू नये, आणि पोलिसांनी नोंदवलेला जबाब विचारात घेऊ नये.